मीटरची वही

वेल्सच्या उत्तरेला, पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणींखाली
एक गाव आहे. पाऊस तिथे घरमालकासारखा राहतो.
बावन्न मुलांच्या शाळेत मी जाते
कौन्सिलचं ओळखपत्र गळ्यात घालून,
पिशवीत बत्तीस प्रश्नांची यादी,
एक टॉर्च आणि फटींना लावायच्या पट्टीचं रीळ.
मुख्याध्यापिका म्हणतात, छप्पर गळतंय,
एक शिक्षक कमी आहे,
आणि तुम्ही आलात हवामान घेऊन.
चहा मात्र देतात.

जिन्याखालच्या कपाटात, झाडूंच्या आणि
नाताळच्या नाटकातल्या मेंढ्यांच्या मुखवट्यांमागे
मीटर लाल डोळा मिचकावत असतो.
हेलेध विचारते, हा कुणाकडे बघतो?
आपल्याकडे, मी म्हणते.
आता जरा आपण त्याच्याकडे बघू.

शुक्रवारी साडेतीनला आकडा लिहिला,
सोमवारी साडेआठला पुन्हा.
मधे घंटा नाही, फळ्यावरचा दिवा नाही,
स्वयंपाकघरात वाफ नाही,
तरी एकशे एक्केचाळीस युनिट गेले.
माक्सेननं वजाबाकी दोनदा केली.
"म्हणजे शाळा झोपेत खाते," तो म्हणाला,
"आमच्या आजोबांसारखी."

मग सगळा वर्ग चोर शोधायला निघाला.
फोटोकॉपी यंत्राचं पोट कोमट निघालं.
शिक्षकांच्या खोलीतला चहाचा बंब
रविवारीही पाणी गरम ठेवत होता, कुणासाठी देवजाणे.
(शिक्षक खिडकीबाहेर बघू लागले.)
एकेक वजा केलं, तरी उरलंच,
तासाला जवळपास दोन युनिट.

राहिलं बॉयलरशेजारचं दार.
इडवाल, एकतीस वर्षांचा जुना शिपाई,
शाळेतला नळ न् नळ त्याला नावानं ओळखतो,
पण त्या दाराची किल्ली शोधायला
त्याला त्या दिवशी जरा जास्तच वेळ लागला.

दार उघडलं. साबणाचा आणि ओल्या लोकरीचा वास.
दोन लाल तारांचा जुना हीटर,
वर दोरीवर ओळीनं एकोणीस कोट,
कुणाची चेन नवी, कुणाचं कोपर शिवलेलं,
खाली वर्तमानपत्र कोंबलेले बूट.
तो निळा कोट नेस्तचा आहे
हे सगळ्यांना दिसलं.
नेस्त आमच्यातच उभी होती.
तिच्या घरचा मीटर आधी पैसे मागतो, मग ऊब देतो.

माझ्या यादीत एकोणिसावा प्रश्न:
विनाकारण चालू राहिलेली उपकरणं?
हो, नाही, असे दोन चौकोन.
पेन उघडलं, आणि तसंच मिटलं.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग हेलेधनं वहीत दोनच्या आकड्यापुढे लिहिलं: कोट.
माक्सेन दाराखाली हात धरून म्हणाला,
"ऊब इकडून पळतेय."
इडवाल पुटपुटला, "तीन तासांत वाळतात खरे.
पण तोवर मी घरी गेलेला असतो. बंद कोण करणार?"

दोरी बॉयलरच्या नळाजवळ सरकली.
तडकलेल्या काचेवर पुठ्ठा आला,
हीटरला वेळ मोजणारं बटण लागलं,
बंबाला शनिवार-रविवार सुट्टी मिळाली.
पुढच्या सोमवारी आकडा नेस्तनं वाचला,
मोठ्यानं, एकेक अंक सुटा करून.
एकोणतीस.
माक्सेननं तरीही दोनदा वजाबाकी केली.

अहवालात मी लिहिलं:
कायमची बंद केलेली उपकरणं, एकही नाही.
ऑफिसातून फोन येईल, येऊ दे.
छप्पर अजून गळतंय, त्याची यादी वेगळी,
ती कुणाच्या टेबलावर आहे मला माहीत नाही.

निघताना नेस्त फाटकापाशी आली.
"मिस, ही पट्टी घराच्या दारालाही लागते?
आमच्याकडे खालून वारा येतो, मांजरसुद्धा तिथे बसत नाही."
माझं काम शाळांपुरतं आहे.
घरांसाठी माझ्याकडे रकाना नाही.
उरलेलं रीळ मी तिच्या हातात दिलं.
तिनं ते निळ्या कोटाच्या खिशात कोंबलं,
खिसा कोरडा होता,
आणि पावसात पळत सुटली.