समोरची खिडकी

रंग खरवडायचं काम माझं. तिसरा मजला, रस्त्याची बाजू.
वर फौजेचा हिरवा, त्याखाली आणखी एक हिरवा,
त्याखाली करडा, कुणाच्या काळातला कोण जाणे.
खाली शस्त्रागारात नाचाची तालीम चालते.
आवाज फार घुमतो म्हणून भिंतींना
गोदामात सापडलेली कांबळी टांगलीत,
कसर लागलेली, कोपऱ्यात नंबर शिवलेली.

मिर्द्झा आली ती फुकटचं तिकीट हातात घेऊन,
पण नाच बघायला नाही.
लग्न होऊन आली तेव्हापासून कुंपणासमोर राहिलेली.
बिगुलावर पोरं उठवली, बिगुलावर निजवली.
फौज गेली, कुलूप लागलं, छपरावर बर्च उगवले.
आत पाऊल म्हणून नाही.
"माझं घर इथून कसं दिसतं ते दाखव," म्हणाली.

दाखवायचं काय? खिडकी उघडीच होती,
बाल्टिकचा वारा सरळ तोंडावर.
रस्त्यापलीकडे तिचं स्वयंपाकघर
ताटात वाढल्यासारखं:
निळी किटली, खुर्चीवर टाकलेला स्वेटर,
मालवायचा राहिलेला दिवा.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "म्हणजे सगळं दिसत होतं."

मी चौकटीची डावी बाजू सोलत होतो.
वरचा हिरवा निघाला आणि खालच्या हिरव्यात
अक्षरं. रशियन. खिळ्याने कोरलेली, मुंगीएवढी.
दिवा ५.१०. दिवा ५.०५. दिवा ५.१०.
कुणी पहाऱ्यावरचा पोरगा असेल,
मिसरूडही धड न फुटलेला.
मग, मार्च. दिवा नाही.
दिवा नाही.
असे नऊ दिवस.
दहाव्याला एक लांब रेघ, लाकडाची ढलपी उडालेली,
आणि ५.२०.

मिर्द्झाने चष्मा लावला, बोटांवर काही मोजलं.
"पहाटे माशांच्या कारखान्यात पाळी असायची.
मार्चमध्ये इमांत्स झाला.
नऊ दिवस दवाखान्यात होते."

गुंतार्स, आमचा आर्किटेक्ट, जिना चढून धापा टाकत आला:
यावर काच बसवू, खाली तीन भाषांत पाटी.
"नको," ती म्हणाली. "ते मला लिहिलेलं नाही."
"मग रंगवून टाकू?"
"तेही मला कशाला विचारतोस?"

संध्याकाळी मी हत्यारं आवरली.
समोर तिने पडदा ओढून घेतला.
थोड्या वेळाने अर्धा सारला.

चौकट अजून तशीच आहे.
आधी बाकीच्या एकवीस करतोय.