निरंक

सुनिल्दा आयाविरे रोज सकाळी आठला
पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलते,
उतू जाईल अशा भांड्यात बघावं तशी आत बघते.
एखादी माशी. मिठाची पूड.
मग एप्रनला हात पुसते, ओले नसलेले हात,
आणि वहीत लिहिते
शून्य पूर्णांक शून्य.

अकरा वर्षं.
पहिल्या वर्षीची शून्यं गोल, गरगरीत,
आताची वरून जराशी उघडी.
पडलंच काही तर आत जावं म्हणून,
असं ती म्हणते, आणि हसत नाही.

मी दर तीन महिन्यांनी कालामाहून जायचो
भरलेली वही आणायला, कोरी द्यायला.
सोबत टँकरवाला औरेलियो.
पाणी त्याच्याकडे, पाण्याचा हिशेब माझ्याकडे.
तुझं ओझं हलकं, तो म्हणायचा,
आणि वळणावर मुद्दाम टँकर डुचमळू द्यायचा.

एकदा वहीत दोन पूर्णांक चार मिलिमीटर.
खोडलेले.
शेजारच्या इलारियोनं, वय वर्षं सहा,
टँकरच्या नळाखाली धरलेली ओंजळ
नरसाळ्यात रिकामी केली होती.
बाईंना रोज काहीच मिळत नाही, म्हणाला.
ती रागावली नाही. मोजलं मात्र, सवयीनं.
मग खोडलं, पुढे शून्य,
आणि समासात बारीक अक्षरात:
पोराचं पाणी.

त्या फेब्रुवारीत तिची बहीण वारली.
दोन रात्री ती गावात नव्हती.
परतली तेव्हा
अंगणातल्या धुळीवर देवीचे व्रण,
मातीच्या भिंतीवर ओघळ, छपरापासून कमरेपर्यंत.
इलारियो म्हणाला, खूऽऽप.
दुकानवाली म्हणाली, पत्र्यावर कुणी
शेरभर वाटाणे ओतावेत, तेवढा वेळ.
म्हातारा सेवेरो झोपला होता,
त्याला स्वप्नात टाळ्या ऐकू आल्या.
मापक कोरडं ठाक.
दोन दिवसांच्या उन्हानं चाटूनपुसून ठेवलेलं.

नियम माझ्याकडे छापलेला आहे.
न मोजलेला पाऊस लिहायचा नाही,
शून्यही लिहायचं नाही.
तिथे आडवी रेघ.
तिनं पेन माझ्या हातात दिलं.
तूच ओढ.
मी ओढली. सरळ आली नाही.

राजधानीत यंत्रानं ती रेघ गाळली,
उरलेल्या दिवसांची बेरीज केली, भागाकार केला.
माझ्याकडे तक्ता परत आला:
तिमाही पाऊस, निरंक.
नकाशावर आमचा भाग पिवळा असतो,
तसाच राहिला.

पण हे नंतरचं.
त्या दिवशी निघताना तिनं मला
अंगणाच्या कोपऱ्यात नेलं.
काचेचा पेला उपडा घातलेला.
खाली एक खळगा, मसुरीच्या दाण्याएवढा,
कडेनं उडालेल्या मातीची झालर,
अगदी जशीच्या तशी.
बाकीचे वारा पुसेल, ती म्हणाली,
हा राहू दे.
मी गुडघे टेकून बघत होतो.
मोजपट्टी खिशात होती, काढली नाही.

तेवढ्यात औरेलियो टँकर मागे घ्यायला लागला,
मागची चाकं अंगणात शिरली,
आणि आम्ही दोघं एकदमच
जिवाच्या आकांतानं ओरडलो,
थांब.