भोक असेल तो दोरा

बाप जकार्डची कार्डं पाडायचा, साखर पेठेत.
पुठ्ठा, पंच, हातोडी.
भोक असेल तो दोरा उठतो,
नसेल तो खाली पडून राहतो.
एवढ्याशा हिशेबावर चादरीत मोर.
"मोर दोऱ्यात नसतोय बिड्डा," म्हणायचा,
"कुणी कधी उठायचं, त्यात असतोय."

मी जुळे सोलापूरच्या पुढं, भाड्याच्या प्रयोगशाळेत,
ज्वारीत परकं जनुक बसवते.
बसवणं आता जमतं.
जमत नाही ते त्याला गप्प ठेवणं
आणि वेळेला बोलतं करणं.

म्हणून जनुकाच्या अलीकडं एक तुकडा जोडला.
सोबतच्या कागदावर लिहिलेलं:
अडतीस अंशाला उघडतो, एरवी बंद.
संकटापुरतं राखलेलं दार.

नऊ मार्चला सोलापूर अडतीसवर गेलं.
दार उघडलं ते उघडंच राहिलं.
एप्रिल, एक्केचाळीस.
मे. जाऊ दे.
ज्यांनी तो तुकडा शोधला
त्यांच्या गावात अडतीस म्हणजे पेपरात बातमी असेल.
आमच्याकडं अडतीसला म्हणतात,
आज जरा बरंय.

पानांचे काप रात्रभर रसायनात ठेवले.
जनुक बोलतं तिथं निळं होतं.
सगळंच निळं झालं. मुळं, पेरं,
ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं ते खोडसुद्धा.
मुजावर मॅडम चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या,
"ही तर टॉवेलची घडी झाली की ओ!"
रोप मात्र वीतभर.
सगळी भाकरी बोलण्यात खर्च.

पुढच्या पिढीत उलटंच.
सात नंबरच्या ओळीत जनुकाच्या पाच प्रती शिरलेल्या,
जेलवर पट्टी ठसठशीत,
आणि काप पांढरे.
चार वेळा केलं. पांढरे.
जनुक घरात होतं,
घरानं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

चुकून पडलेलं भोक बाप बुजवायचा
कागदाची टिकली चिकटवून, खळीनं.
टिकली इतकी बारीक
की कार्ड उजेडात धरल्याशिवाय कळायची नाही.
ज्वारीनं तेच केलं होतं,
अक्षर तसंच ठेवून वर टिकल्या लावल्या होत्या.
कुणी शिकवलं तिला?
आमच्या आधीपासून ती कुणाकुणाला गप्प करत आलीय?

आता नवा तुकडा मागवलाय.
उन्हाचं ऐकत नाही म्हणे,
फक्त आम्ही फवारलेल्या थेंबाचं ऐकतो.
बापाला सांगितलं.
शेंगाचटणीचं बोट चाटत त्यानं विचारलं,
"आणि फवारणारा झोपला तर?"
वहीत लिहून ठेवलंय. उत्तराची जागा कोरी.

परवा सातमधल्याच एका कापाला,
कडेनं,
केसाएवढी निळी रेघ दिसली.
एकच दोरा उठलेला.
मॅडमना अजून सांगितलं नाही.