क्रमांक एकेचाळीस

रामबागेत ते मासिक एकच येतं,
कारण वर्गणीदार एकच: धारकर, वीज मंडळातून निवृत्त.
त्यांनी यादीच्या सात झेरॉक्स काढून घेतल्या
आणि पैसे सहांचे दिले.
सातवी तुझी, म्हणाले, तुलाही मत असेलच.

आजवरची शंभर सर्वश्रेष्ठ गाणी.
कुणी ठरवली, ते तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत:
अकरा जाणकार.
त्यांत इंदूरचा एकही नाही.
पहिली ठिणगी तिथेच.

तेव्हापासून रोज, दिवेलागणीला,
माझ्या यंत्राच्या उबेला जमतात सगळे.
शरयू पागनीस म्हणते, पहिलं ते पहिलं नव्हेच,
पहिलं हवं बाविसावं,
आणि तिसरं तर यादीतून हाकला, त्याची सतार उसनी आहे.
इक्बालभाई पान थुंकून येतात आणि विचारतात,
उसनी म्हणजे?
सूर काय कुणाच्या सातबाऱ्यावर असतात?
धारकरांकडे हिशेब तयार:
एका संगीतकाराची नऊ, दुसऱ्याची दोन,
आणि नवाला दोनाने भागता भागता
त्यांचे कान लाल होतात.
विलास बोलत नाही.
त्याने चौसष्टाव्या ओळीभोवती
निळ्या पेनाने चौकोन काढलाय.
ते गाणं कुठल्या साली आलं
आणि त्या साली कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं,
रामबागेला दोन्ही पाठ आहे.

परवा शरयूने रागाने यादी टराटरा फाडली.
काल येऊन नवी घेऊन गेली.
दोन रुपये.
मला या वादात काही वाईट दिसत नाही.

आज गेंदालालजी आले,
गिरणीच्या थकबाकीचे कागद घेऊन.
ते कागद आता इतके मऊ झालेत
की यंत्रात घालताना मी श्वास धरते.
काय भांडून राहिले तुम्ही लोक? त्यांनी विचारलं.
धारकर वाचू लागले, गाण्यांचे मुखडे, एकामागून एक.
गेंदालालजींना एकही ओळखू येईना.
बोल नको भिया, धून सांगा.
मी बँडात क्लॅरिनेट वाजवायचो,
अनंत चौदसला, आमच्या गिरणीच्या झाँकीपुढे.

मग धारकर गुणगुणले. (देवा!)
शरयूने त्यांना बाजूला सारून सूर धरला,
आणि म्हाताऱ्याची बोटं काउंटरच्या काचेवर
भोकं शोधू लागली.

पहिलं? सोपं आहे, शेवटी श्वास उरतो.
सातवं चांगलं, पण त्याला उभं राहून वाजवावं लागतं.
तेविसावं आमच्या ढोलवाल्याला कधी जमलं नाही.
एकेचाळीस
त्यांनी दोनदा गुणगुणायला लावलं.

हे जेल रोडच्या वळणावर.
रात्रीचे तीन. जनरेटर बंद पडला,
झाँकीतला हनुमान अर्धा उडालेला, तसाच थांबला,
सगळीकडे काळोख.
मास्तर म्हणाले, न बघता येतं ते वाजवा.
आम्ही हे उचललं,
आणि दोन्ही बाजूंचा रस्ता गायला लागला, पोरंबाळं, पोलीस, सगळे.
बोल तेव्हा नीट ऐकू आले नाहीत.
काय आहेत हो बोल?

शरयूने सांगितले. गाऊन नाही, नुसते,
किराणा वाचावा तसे.
दार उघडं ठेवणं, वाट, न आलेलं माणूस.

अच्छा, म्हणाले गेंदालालजी.
मला वाटायचं, खुशीचं आहे.

कागद त्यांनी शर्टाच्या आत ठेवले,
सुट्टे मोजून दिले, गेले.
विलासने आपली यादी उलटी करून
मागची कोरी बाजू बघितली.
त्यानंतर कुणी नंबर काढला नाही,
धारकरांनीसुद्धा.

म्हणजे पंधरा मिनिटं.
मग शरयू म्हणाली, दुःखाचंच आहे ते, शब्द वाचा की.
इक्बालभाई पायरी उतरले होते.
तिथूनच म्हणाले,
बाई, चाल आहे ती.
चालून बघा.