वाकडी वाट

जिनिव्हाहून पत्र्याच्या डब्यात फिल्म येते,
डब्यावर खडूने लिहिलेलं: त्रिएस्ते, सांभाळून.
आम्ही सहाजणी. रात्रपाळी. पडदे ओढलेले.
टेबलाच्या काचेवर एकेक चित्र उजेडात उतरतं
आणि ओंदिना बुटांतून पाय सोडवत म्हणते,
चला, बुडबुडे बघू.

द्रवरूप हायड्रोजनमधून कुणीतरी धावत गेलं,
मागे राहिली बुडबुड्यांची माळ.
धावणारा केव्हाच नाही.
माझ्या हातात प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर कोरलेल्या कमानी,
रेघेवर ठेवून पाहायची, कोणती बसते.
सैल कमान, म्हणजे अंगात दांडगा जोर.
आवळ कमान, म्हणजे दमत आलेला.
ऋण एकीकडे वळतात, धन दुसरीकडे,
आणि ज्याच्यावर भारच नाही
त्याची रेघही नाही.

मधेच एखादा इलेक्ट्रॉन
हायड्रोजनला थोडं थोडं देऊन टाकत
घट्ट होत होत स्वतःतच संपतो.
ओंदिना त्याला प्रेस्नित्स म्हणते,
ईस्टरला आमच्याकडे करतात ती अक्रोडाची गुंडाळी.
पहाटे तीनला तिला भूक लागते.

पहिल्याच आठवड्यात मी डॉक्टर ब्रेझिगारना विचारलं होतं,
एवढा थोरला चुंबक, ढकलतो तरी किती?
ढकलत नाही, सिन्योरिना.
वेग देत नाही, काढून घेत नाही.
चालणाऱ्याला नेहमी काटकोनात उभा राहतो,
आणि वळवतो. बस.
खडू खिशात टाकून ते गेले, कोट पांढरा झाला होता.

पिरानोहून निघालो तेव्हा हातगाडीवर
लोखंडी पलंग, शिवणयंत्र आणि मी.
तेरेझामावशी दारात उभी राहिली. आली नाही.
नऊ वर्षं झाली, तिची एक ओळ नाही.
इथे आल्यावर लिव्हियोला जहाजाचे वेध लागले.
आई त्याला जा म्हणाली नाही, राहा म्हणाली नाही,
रोज सकाळी त्याच्या वाटेत आडवी यायची
जवाची कॉफी घेऊन.
तो मेलबर्नला गेलाच.
नाकासमोर चालणारा मुलगा, शेजारीण म्हणाली, कौतुकाने.

पट्टी लावली की कळतं,
नाकासमोर चालणारं इथे कुणीच नाही.
डोळ्याला सरळ दिसते ती रेघसुद्धा
शेवटच्या बोटभर अंतरात कललेली असते.
लिव्हियोच्या मागच्या पत्रात, पगार आणि उकाड्याच्या खाली,
एक प्रश्न होता:
आई जव किती भाजते?

आज चौकट चार हजार एकशे सतरा.
काहीच नसलेल्या जागेतून अचानक दोन रेघा फुटलेल्या,
एक डावीकडे, एक उजवीकडे,
जशी कुणी काळोखात कात्री उघडावी.
नियम ठाऊक आहे. दोन्हींची बेरीज करायची,
मागे मागे सरळ नेत जायचं, जिथून निघालं तिथवर.
मधे चार बोटं कोरं.
तेवढ्यातून कुणीतरी आलेलं असतं,
चुंबकाला न जुमानता, मागे काही न सोडता.
वहीत लिहिलं: भाररहित, एक.
मग त्या कोऱ्या जागेवरून उगाच बोट फिरवलं.
काच कोमट होती.

सातला बाहेर पडलो तर बोरा सुटलेला.
असा वारा की नगरपालिका कोपऱ्याकोपऱ्यांवर दोर बांधते,
आणि चांगली जाडजूड माणसं
दोराला धरून तिरपी तिरपी कामावर जातात.
ओंदिनाची टोपी समुद्राच्या दिशेने गेली,
तिने शिवी दिली, दोन भाषांत.
घर समोर, पाच मिनिटांवर.
मी वाट वाकडी केली.
पोस्टाचं दार आठला उघडतं, तोवर दोर धरून उभी राहिले.

पलीकडे पत्र टाकायला किती पडतं?
खिडकीतल्या माणसाने चष्मा वर केला.
पिरानो लिहायचं की पिरान?
म्हटलं, ज्या नावाने पोचेल ते.