सहाची शेपटी

नावेद कोकणीनं केस टेबलावर ठेवली
आणि उघडायच्या आधीच किंमत सांगितली.
अकरा लाख. बासष्टची आहे, अमेरिकेची.
पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटचं बुकिंग मोडलं, म्हणाला,
अम्मीला अजून माहीत नाही.

मी आधी वास घेतला.
जुन्या गिटारीला बंद कपाटाचा वास असतो,
हिला होता बूटपॉलिशचा.
पण नुसत्या वासावर कुणाला आरोपी करता येत नाही.

माझे वडील नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये
एकतीस वर्षं नोटा तपासत होते.
संध्याकाळी गेटवर झडती देऊन घरी यायचे
आणि जेवताना पोळीसुद्धा उजेडात धरायचे.
खोटं करणारा माणूस आळशी नसतो, म्हणायचे,
कुणी बघणार नाही तिथंही तो काम करून ठेवतो.
तिथं बघ.

बघितलं.
रंग उडालेला कोपराखाली, ठीक.
पाठीवर, पट्ट्याचं बक्कल घासतं तिथं, ठीक.
आणि मानेच्या सांध्यामागे, जिथं साठ वर्षांत
कुणाचं बोटही पोचलं नसतं,
तिथंही.
काचपेपरच्या रेघा एका ओळीत,
इगतपुरीकडे भात लावतात तशा.

शटर अर्धं ओढून जांभळा दिवा लावला.
जुनं लॅकर त्याखाली हिरवट-पिवळं उजळतं.
ही काळीच राहिली.
खुंटीवरचं निकेल नखानं खरवडलं
तर पितळ उघडं पडलं. अक्षरशः.
एरवी हसले असते.
नावेद माझ्या तोंडाकडे बघत होता, गिटारीकडे नाही.

चार स्क्रू काढले, मान वेगळी केली.
टोकाशी पेन्सिलीनं तारीख,
मार्च बासष्ट, इंग्रजी आकड्यांत.
दोन बरोबर. सहाला मात्र खाली
बारीकशी शेपटी,
आधी पाटीवर मराठी सहा गिरवलेल्या हाताची.

ती शेपटी मी ओळखते.
देवळाली कॅम्पात ओहोळ सरांच्या दुकानात
दुरुस्तीच्या प्रत्येक चिठ्ठीवर ती असायची.
मी तेव्हा बारा वर्षांची. शाळा सुटली की
तांबट लेनच्या पातेल्यात त्यांच्यासाठी
चहापत्ती उकळायचे, काळी होईस्तोवर.
नवे स्क्रू व्हिनेगर-मिठात बुडवून
आठवडाभर रोज हलवायचे.
लाकडाचं औषध, म्हणायचे सर. लोखंडाचं लोणचं.
मला वाटायचं, दुरुस्ती चाललीय.
दुरुस्तीही शिकलेच मी तिथं. पोट भरतंय तिच्यावर.

वडील न्यायला यायचे सायकलवरून.
रस्त्यावरूनच घंटी वाजवायचे,
कधी आत आले नाहीत.
हे आजवर मला नुसतं आठवत होतं.

"बासष्टची नाही," मी म्हटलं. "इकडचीच आहे."
"इकडची म्हणजे?"
"इकडची."
एकदा वाजवून तरी बघा, म्हणाला.
अ‍ॅम्प लावला, वाजवली.
चांगली वाजते. खालचा सूर जरा जास्तच चांगला.
तेही सांगितलं त्याला. त्यानं मान हलवली,
दवाखान्यात हलवतात तशी.
हात कुणाचा ते विचारलं नाही त्यानं,
आणि मी काढलं नाही. सरांना जाऊन नऊ वर्षं झाली,
त्यांची बायको अजून कॅम्पातच राहते.

तपासणीचे पैसे नको म्हणत होते,
त्यानं मोजून ठेवलेच.
पावती फाडायच्या आधी आकडा बघितला,
खोडला,
आणि अक्षरांत लिहिलं,
सहाशे फक्त.