दोन नळ

पोर्तूत, आमच्या उतारावर,
जिथे आता गाड्या लावायचे तीन मजले आहेत,
तिथे धुण्याचं टाकं होतं. दगडी. सोळा जणींचं.

गुरुवारी आम्ही शाळेच्या जेवणघरात जमतो
आणि जुन्या चादरीवर टाक्या-टाक्याने ते टाकं भरतो.
निळा दोरा पाण्याला, करडा दगडांना.
घासून खोलगट झालेला माझा दगड
मी कोणाला भरू दिला नाही.

झुल्मिरा म्हणाली, नळ डावीकडे होता.
उजवीकडे, एर्मेलिंदा म्हणाली,
नवऱ्याची होडी परतली नाही हे कळलं
तेव्हा माझे हात त्याच्याखालीच होते.
मग आम्ही दोन नळ भरले.

कोणाच्या उशीच्या अभ्र्यावर कसला डाग,
तिथे सगळ्यांना ठाऊक असायचं,
बाहेर कधी गेलं नाही.
ते कसं भरायचं?
ग्रासिएतने लाल दोरा सुईत ओवला,
जरा वेळ धरून ठेवला, काढून घेतला.

नगरपालिकेचा पोरगा येऊन फोटो काढून गेला.
काचेत लावू म्हणाला, गाडीतळाच्या लिफ्टपाशी.

त्याच दुपारी देओलिंदाच्या हातून कॉफी सांडली,
थेट पाण्यावर.
कोणी ओरडलं नाही. चौघी उठलो,
चादरीचे चार कोपरे धरले,
डाग वाळायच्या आत, लगबगीने,
दाराबाहेर पडून अर्धा उतार उतरलो

आणि मग गाड्यांच्या फाटकासमोर
त्या अडवणाऱ्या दांडीपाशी
उभ्या राहिलो, चादर ताणून धरून.
आतल्या माणसाने काच खाली केली.
तिकीट, म्हणाला.